बसचे स्विच डेपोत गेले

महाडच्या एका लग्नात पंगतीत माझ्या शेजारी बसलेले एक काका मला म्हणाले, "ते शिवथरच्या गाडीचं वायपर तेवढं बघ गो बाय. पाऊस लागला की काच पुसायला कंडक्टरला खाली उतरावं लागतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जिलबीचा तुकडा मोडत ते पुढे म्हणाले, "स्विच तूच बनवतंस ना? तुझा बापूस सांगत व्हता."

ही माहिती आमच्या आबांनी पसरवलेली होती. आबा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी महाड डेपोत लाल गाडी चालवण्यात गेली. शिवथरची सकाळची फेरी, उमरठची वस्तीची गाडी, आणि वीर स्टेशनला रेल्वे येऊन गेली की तिथून भरून आणायची गाडी. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकून पुण्याला नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच सुट्टीत त्यांनी अंगणात बसून मला विचारलं होतं, "नक्की करतंस काय तू तिकडं?" मी सांगायला सुरुवात केली. यंत्राच्या आतल्या पाटीवर एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे माहिती जाते, त्या माहितीला वाट काढून द्यायची, कधी ही वाट उघडायची, कधी ती, त्यासाठी मल्टिप्लेक्सर असतात, बस स्विच असतात...

आबा आधी नुसते मान हलवत होते. "बस स्विच" ऐकल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बसचे स्विच! आग मग आधी सांग की!"

त्या एका शब्दावर त्यांचा चेहरा असा काही खुलला की पुढचं त्यांच्या कानावर गेलंच नाही. मुलगी आपल्याच लायनीत आली. आपण गाडी चालवली, ती गाडीचे स्विच बनवते. दिवाळीत मी पुन्हा सांगून पाहिलं, की आबा, ती बस वेगळी. ते म्हणाले, "वेगळी म्हंजे शिवशाही-बिवशाही आसंल. बस ती बसच." त्यानंतर मी नाद सोडला. आई मात्र चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती, हे मला आजही आठवतं.

मागच्या वर्षी आबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आईला एकटीला त्यांना उठवणं-बसवणं जमेना, म्हणून मी ऑफिसची परवानगी काढली आणि सामान घेऊन पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत येऊन राहिले. गणपती नुकतेच होऊन गेले होते. भात पोटरीला आलं होतं आणि दुपारी अंगातून घाम निथळावा असं ऊन पडत होतं. पडवीत आबांची खाट एका टोकाला आणि माझं टेबल दुसऱ्या टोकाला. टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री, भिंगाचा दिवा, तारांची भेंडोळी आणि आलेख दाखवणारा स्कोप. वाडीतल्या बायका दळण घेऊन जाताना थांबायच्या आणि स्कोपच्या पडद्यावरच्या हिरव्या रेषेकडे बघून विचारायच्या, "आबांच्या काळजाचं हाय का?" आबा खाटेवरून ओरडायचे, "बसचं हाय!"

मी तेव्हा करत होते ती एक लहानशी पेटी होती. तालुक्याच्या ठिकाणी ज्या छोट्या लॅब असतात, तिथे रक्त तपासण्यासाठी. पेटीत दोन मेमरी होत्या. एकीत यंत्राची मापं, दुसरीत रोग्यांची माहिती. पडद्याचं कार्ड कधी हिच्यातून वाचायचं, कधी तिच्यातून. त्यासाठी आम्ही मल्टिप्लेक्सर लावला होता. ही चिप अनेक तारा आत घेते आणि त्यांतली सांगू ती एक पुढे सोडते. काम अगदी बेस चाललं होतं. मग ज्या डॉक्टरांसाठी पेटी बनत होती ते म्हणाले, नुसतं वाचून भागणार नाही, पडद्यावरून दुरुस्ती करून ती मेमरीत परत लिहिताही आली पाहिजे. इथे मल्टिप्लेक्सरने हात टेकले. तो एकेरी असतो, आतून बाहेर सोडतो, बाहेरून आत काही जाऊ देत नाही. आता हवा होता बस स्विच. तो दारासारखा असतो. उघडला की माहिती दोन्ही बाजूंनी ये-जा करते, मिटला की दोन्हीकडचा संबंध तुटतो. पुण्यातल्या सहकारिणीने बस स्विचच्या चिपांची एक पट्टी पाकिटात घालून आबांच्या नावाने कुरियरने पाठवली. पुढच्या सोमवारी डॉक्टरांसमोर पेटी चालवून दाखवायची होती.

पाकीट बुधवारी यायला हवं होतं. बुधवारी आलं नाही, गुरुवारीही नाही. कुरियरवाले आमच्या वाडीपर्यंत चढत नाहीत, पोलादपूरच्या एका दुकानात ठेवून जातात. दुकानदार म्हणाला, माझ्याकडे काही आलेलं नाही. आमच्या घरात मोबाईलला रेंज नसते. ती वर देवळाच्या वळणावर मिळते. तिथे चढून जाऊन मी महाडच्या कुरियरवाल्याला फोन लावला.

"ताई, तो तर कालच पोचवला," तो म्हणाला.

"कुठे पोचवला?"

"डेपोत. तुमचा फोन लागत नव्हता. पाकिटावर आबांचं नाव, आन खाली लिवलेलं बस स्विच. म्हटलं बसचा माल, वर वाडीत कशाला न्यायचा, तुम्ही पुन्हा खाली डेपोतच आणून देणार. थेट तिथंच देऊन टाकला. आबांच्या वळखीचेच सगळे."

त्याला वाटत होतं मी आभार मानीन. मी "बरं" एवढंच म्हणाले आणि उतरत घरी आले. हातातल्या चपलेला चिखल लागला होता आणि डोक्यात एकच विचार, त्या चिपांचं डेपोत कुणी काय केलं असेल. त्या चिपा नाजूक असतात. नुसत्या हाताच्या विजेने जातात. पट्टी उघडली असेल तर?

आबांना सांगितलं तर ते खाटेवर उठून बसले. "बरोबर केलंन त्यानं! डोकं हाय त्याला."

"आबा, मला उद्या महाडला जायला हवं."

"मी येतो."

"तुमचा गुडघा—"

"गुडघा काय मी गाडीच्या खाली ठेवनार हाय? तुला डेपोत कोन वळखतंय? गेटवरनं परत पाठवतील."

आईने दोघांकडे बघून कपाळाला हात लावला आणि गुडघ्याचा पट्टा शोधायला आत गेली.

सकाळी रिक्षा वाडीपर्यंत बोलावली. पोलादपूरच्या स्टँडवर महाडची गाडी लागली होती. ड्रायव्हरने आबांना काठी टेकत येताना पाहिलं आणि खाली उडी मारली. दोघांनी हात धरून त्यांना दारातून वर घेतलं आणि पुढची एकटी सीट रिकामी करून दिली, पाय लांब करता यावा म्हणून. शस्त्रक्रियेनंतर आबा पहिल्यांदाच गाडीत बसले होते. गाडी महामार्गाला लागली तसे ते काच, आरसा, गियरचा दांडा सगळं निरखत होते. ड्रायव्हरने एका वळणावर उशिरा गियर टाकला तेव्हा त्यांचा बरा असलेला पाय आपोआप दाबला गेला.

"पोरीला घेऊन कुठं निघाले आबा?" कंडक्टरने विचारलं.

"डेपोत. तिचा माल आलाय. स्विच."

कंडक्टर माझ्याकडे वळला. "ताई, मग मागच्या दाराच्या घंटीचं पन बघा. दोरी वढली का पुढं वाजतच नाय. मला पत्र्यावर बुक्की मारायला लागते." त्याने पत्र्यावर बुक्की मारून दाखवली. ड्रायव्हरने गाडी थांबवली. "आरं, दाखवत होतो!" कंडक्टर ओरडला आणि सगळी गाडी हसली.

मीही हसले. पण आता डेपोत काय बोलायचं, हे मला ठरवता येत नव्हतं.

महाडचा डेपो मी लहानपणी बघितलेला. पावसाळ्यात आबांचा डबा घेऊन आई मला तिथे पाठवायची. तोच डिझेलचा वास, तीच काळी पडलेली जमीन. गेटवरच्या माणसाने आबांना बघून सलामच ठोकला. आतून फोरमन आले. आबांपेक्षा वयाने लहान, पण रिटायरमेंटला टेकलेले, हात तेलाने काळे. त्यांनी आबांना मिठी मारायला हात पसरले, मग हातांकडे बघून कोपरानेच मिठी मारली.

"माल आलाय तुमचा," ते म्हणाले, "पन स्टोअरवाला घेईना. म्हनतो, ह्याचा नंबर माझ्याकडं नाय, गाडीत कुठं बसतो ते सांगा. मग इलेक्ट्रिशियनकडं दिला."

इलेक्ट्रिशियन माझ्याच वयाचा, चष्मेवाला. त्याने कपाटातून एक स्टीलची वाटी काढली, तिच्यावर बशी झाकलेली. बशी उचलली. वाटीत माझ्या चिपा होत्या. पट्टीवरचं पातळ आवरण सोलून त्याने त्या सगळ्या वाटीत झटकल्या होत्या. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या काळ्या चिपा, पाय इकडे-तिकडे करून एकमेकींवर पडलेल्या.

"हरवू नयेत म्हणून झाकून ठेवल्या," तो म्हणाला. "पाय मोजले मी. एकेकीला वीस. एवढ्या लहान वस्तूला वीस पाय!"

"हात लावलात का?" मी विचारलं.

"चिमट्यानं उचलल्या. पण..." त्याने फोरमनकडे पाहिलं.

"सांग की," फोरमन म्हणाले.

"एक जरा ट्राय करून बघितली. दोन पायांना तारा टेकवल्या आणि गाडीच्या बॅटरीवर दिली. म्हटलं, हॉर्न वाजतो का बघू."

गाडीच्या बॅटऱ्या चोवीस व्होल्टच्या असतात. माझ्या चिपेला पाच पुरतात.

"मग?"

"मग फुस्स झालं," तो म्हणाला, आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत ती बिचारी चिप, मध्ये फोड येऊन फुटलेली. त्याने ती जपून ठेवली होती. मला हसू यायला लागलं. काळजी होती तिथे एकदम हसूच फुटलं, कारण बाकीच्या वाटीत शाबूत दिसत होत्या, आणि महाडच्या त्या दमट हवेत अंगावर वीज साठायचं भय तसंही कमीच.

चहा आला. दोन-तीन मेकॅनिक हात पुसत जमले. आबांना खुर्ची दिली होती. त्यांच्या मांडीवर ती वाटी होती आणि ते वाकून आत बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझं काम जवळून बघत होते.

फोरमन म्हणाले, "आता ताई आल्यात, तर सांगा. हा नेमका कुठं बसवायचा? आमच्याकडं नव्या गाड्या आल्यात, त्यांच्यासाठी हाय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आबाही बघत होते. त्यांची मान अशी ताठ झाली होती, जशी बक्षीस समारंभात माझं नाव पुकारताना व्हायची. मला खोटं सांगता आलं असतं. होय, नव्या गाड्यांसाठी, एवढं बोलून वाटी घेऊन निघता आलं असतं. पण पुढ्यात इलेक्ट्रिशियन उभा होता, त्याला उद्या कुणीतरी विचारलंच असतं, आणि मग हसं आबांचं झालं असतं, माझ्यामागे.

"हा गाडीत नाही बसत," मी म्हणाले. "यातली बस म्हणजे आपली बस नाही. यंत्रात माहिती ज्या तारांवरून जाते, त्या तारांच्या जुडग्याला बस म्हणतात. हा त्या तारांचा स्विच आहे. मी रक्त तपासायची पेटी बनवते, त्यात लागतो."

बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, त्याचा "येऊ दे, येऊ दे" एवढाच आवाज. मग एक मेकॅनिक खो-खो हसला. "म्हंजे आबा इतकी वर्षं..." आणि फोरमनने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचं गिळून चहाच्या कपांकडे वळला.

"रक्त तपासायची पेटी बनवते!" फोरमन घाईघाईने म्हणाले. "ही तर आनखी मोठी गोष्ट झाली."

आबांनी वाटी माझ्या हातात दिली. कप खाली ठेवला, अर्धा भरलेला. "चल," ते म्हणाले. "परतीची गाडी सुटंल."

इलेक्ट्रिशियनने चिपा चॉकलेटच्या चांदीत गुंडाळून दिल्या. त्याला तेवढं माहीत होतं, की अशा वस्तू चांदीत ठेवतात. परतीच्या गाडीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले. कंडक्टर दुसरा होता. त्याने विचारलं, "काय आबा, कसं काय आलात?" आबा म्हणाले, "आलो व्हतो." एवढंच.

घरी आल्यावर आईने दोघांची तोंडं बघितली. आबा खाटेवर आडवे झाले आणि भिंतीकडे वळले. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायलाच लागली.

"मला कवाच ठावं व्हतं," ती म्हणाली. "बसच्या स्विचला एवढं भिंग कशाला लागंल? बसचा स्विच मी बघितलाय, ह्या बोटाएवढा असतो."

"मग तू त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? गाडीवरनं उतरल्यापासून त्यांना दुसरं काय व्हतं बोलायला?"

ती भाजी परतायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "राग नाय आला त्यांना. लाज वाटतेय. चार मानसांत वाटली ना, म्हनून. व्हईल कमी."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कामाला बसले. जुना मल्टिप्लेक्सर उपसून काढायचा, तिथे दोन बस स्विच बसवायचे, प्रत्येक मेमरीला एक. भिंगाखाली वीस पाय एकेक करून डाग देत जोडायचे म्हणजे श्वास रोखून बसण्याचं काम. आबा खाटेवर पेपर धरून होते. पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता.

दुसरी चिप लावून मी पाठ सरळ केली, तर खाट करकरली. काठीचा ठक-ठक आवाज आला. आबा टेबलाशी येऊन उभे राहिले.

"दाखव," ते म्हणाले.

मी स्टूल दिलं, भिंग त्यांच्या उंचीला केलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्याच्या आतनं काय जातं?"

"माहिती. आकडे. म्हणजे समजा, रोग्याच्या रक्ताचा आकडा."

"हिकडनं तिकडं?"

"दोन्हीकडे. हा उघडला की जातेही आणि येतेही."

"आन सकाळी उपसून काढलास तो, आधी लावला व्हतास तो?"

"तो मल्टिप्लेक्सर. तो एकेरी. दोन रस्ते आत, एक बाहेर. परत उलटं जाता येत नाही."

ते "हं" म्हणाले. "घाटात दरड आली का करतात तसं. येकच बाजू सोडायची."

"पण तिथे थोड्या वेळाने दुसरी बाजू सोडतात. हा कधीच सोडत नाही."

"मग काय उपेगाचा!" ते म्हणाले, आणि डेपोतून आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या मिशीत हसू दिसलं.

मी पेटीला वीज दिली. पडदा उजळला आणि त्यावर आकड्यांऐवजी नुसती गिचमीड उमटली. चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह, अर्धी अक्षरं. परवा सोमवार. चिपा वाटीत पडून बिघडल्या की काय, हेच आधी मनात आलं. मी एकेक तपासायला लागले. आबा जागचे हलले नाहीत. आईने चहा आणून ठेवला, तो निवला. स्कोपवर बघितलं तर कळलं, चिपा धडधाकट होत्या, पण दोन्ही स्विच एकाच वेळी उघडत होते. जुन्या जोडणीतली एक बारीक रेघ पाटीवर तशीच राहून गेली होती, आणि तिच्यामुळे एकाला दिलेला हुकूम दुसऱ्यालाही जात होता. दोन्ही मेमरी एकदम बोलत होत्या.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"दोन्ही बाजू एकदम सुटल्यात."

"मग ठोकरनारच!" ते म्हणाले. "येकाला थांबव."

मी ब्लेडने ती रेघ खरवडून तोडली आणि एक उघडला की दुसरा मिटेल अशी उलट्या हुकमाची एक तार जोडली. पुन्हा वीज दिली. पडद्यावर रोग्याचं खोटंच लिहिलेलं नाव आलं, खाली आकडा आला. मी आकडा बदलला, जपून ठेवला, पेटी बंद केली, चालू केली. बदललेलाच आकडा परत आला. मी टाळी वाजवली. आबांनीही वाजवली. आई आतून पळत आली आणि काही न कळताच तिनेही वाजवली.

मग आबा काठीवर हात टेकून म्हणाले, "येक सांग. त्याला बस का म्हनतात?"

"कशाला?"

"ह्या तारांना. दुसरा काय शब्द नव्हता? बस का?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं दिवसातून शंभरदा तो शब्द मी वापरत होते, आणि तो कुठून आला हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"विचारून सांगते," मी म्हणाले.

देवळाच्या वळणावर जाऊन मी आधी ऑफिसला फोन केला, पेटी चालली म्हणून. आमचे साहेब खूश झाले. ते वयाने मोठे आहेत, पूर्वी वीज केंद्रांची कामं केलेले. मी त्यांना म्हणाले, "सर, एक वेगळंच विचारायचंय. बसला बस का म्हणतात?"

ते हसले. "आज हे कुणी विचारलं?"

"वडिलांनी. ते बस ड्रायव्हर होते."

"मग त्यांना सांगा, शब्द त्यांचाच आहे." आणि त्यांनी मला सांगितलं. फार पूर्वी युरोपात घोडे जोडलेली एक मोठी गाडी निघाली, पैसे देऊन कुणीही बसावं अशी. तिला लॅटिनमधला शब्द दिला, ओम्निबस. त्याचा अर्थ, सगळ्यांसाठी. पुढे वीज आली तेव्हा वीज केंद्रात तांब्याची एक जाड पट्टी असायची. सगळ्यांनी आपापली वीज तिच्यावरून घ्यायची. तीही सगळ्यांसाठी, म्हणून तिलाही ओम्निबस म्हणायला लागले. बोलता बोलता दोन्हींचं पुढचं गळून गेलं आणि दोन्हींची बस झाली. विजेच्या पट्टीवरून तो शब्द यंत्रातल्या तारांना आला.

मी उतारावरून जवळजवळ पळतच आले. आबा पडवीतच बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं.

"म्हंजे शब्द येकच."

"एकच."

"आमची बस पयली, तुमची नंतर."

"हो. तुमची पहिली."

"सगळ्यांसाठी," ते पुटपुटले. मग त्यांनी मोठ्याने विचारलं, "मग मी डेपोत खोटा बोललो का?"

"नाही आबा. अर्थ वेगळा होता, पण शब्द खोटा नव्हता."

ते उठले. काठी घेतली, टोपी घातली. "तुझा फोन दे."

"इथे रेंज नाही."

"ठावं हाय मला. वर जातो."

"आहो, गुडघा!" आई आतून ओरडली. पण ते अंगणात उतरलेसुद्धा होते. मी मागून गेले. डॉक्टरांनी चढ चढू नका म्हणून बजावलं होतं. आबा एक पाय, एक काठी, एक पाय असे चढत होते आणि मी त्यांच्या कमरेमागे हात धरून. भाताच्या बांधावर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या, आबा चालायला लागले म्हणून. आबा त्यांच्याकडे बघायलाही थांबले नाहीत.

वळणावर पोचल्यावर त्यांनी मला नंबर लावायला सांगितला. फोरमनचा. आवाज ऐकू यावा म्हणून आबा फोनमध्ये नेहमी ओरडतात.

"हॅलो! मी बोलतोय! आरं तो कालचा स्विच... हां, हां, बसला! चालला! पन त्याच्यासाठी नाय केला फोन. तुला ठावं हाय का, बसला बस का म्हनतात? ... नाय ना ठावं? मग गप आयक. आन तो हसत व्हता ना, मेकॅनिक, त्याला पन बोलव. स्पीकरवर टाक."

मी रस्त्याच्या कठड्यावर बसले. आबांनी सगळं सांगितलं. घोडे, लॅटिन, तांब्याची पट्टी. लॅटिनला ते "लायटीन" म्हणाले आणि तांब्याची पट्टी थेट कोयनेला नेऊन बसवली, पण बाकी सगळं बिनचूक होतं. पलीकडून कुणीतरी काही विचारलं असावं. आबा गरजले, "सगळ्यांसाठी! सगळ्यांसाठी म्हनून बस! कंडक्टरला पन सांग, उभं ऱ्हायलेल्यांना पन घ्यायचं!"

पलीकडच्या हसण्याचा आवाज मला कठड्यापर्यंत आला. या वेळचं हसणं वेगळं होतं, आणि आबाही त्यात होते.

संध्याकाळी गुडघा सुजला. आईने गरम पाण्याच्या पिशवीने शेकत दोघांनाही मनसोक्त झापलं. आबांना चढल्याबद्दल आणि मला चढू दिल्याबद्दल. आबा डोळे मिटून ऐकत होते.

रविवारी सकाळी मी पेटी मऊ साडीत गुंडाळून पुण्याच्या गाडीत बसले. सोमवारी डॉक्टरांसमोर ती एकदाही अडली नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने आकडे बदलून पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले, आणि पहिल्या खेपेचं काम मंजूर केलं. रात्री रेंजवर येऊन आईने फोन लावला. तिला मी सगळं सांगितलं, तिने देवाचं नाव घेतलं आणि फोन आबांना दिला. ते पुन्हा चढून आले होते.

"आबा, पेटी पास झाली."

"आयकलं मी," ते म्हणाले. "गाडी वेळेवर पोचली ना पुण्याला?"

"थोडी उशिरा."

"कुठला ड्रायव्हर व्हता?"

मला माहीत नव्हतं. मग पुढची दहा मिनिटं आम्ही त्याच्याबद्दलच बोललो.